डोळा मिटावा म्हणून

सकाळी चूळ भरताना आत्याच्या तोंडातलं पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. घरात एकच शब्द घुमला, लकवा.

डॉक्टरांनी तिला कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डावीकडे एकही आठी उमटेना. आम्ही आणखी घाबरलो, पण डॉक्टरांचा चेहरा निवळला. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो, त्यामुळे मेंदूतला झटका असता तर बहुधा कपाळ वाचलं असतं. इथे बिघाड मज्जातंतूतच होता. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी. हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजली की ती चेंगरते. 19व्या शतकात चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने तिचा अभ्यास केला, म्हणून हा आजार ‘बेल्स पाल्सी’. पहिल्या 72 तासांत स्टेरॉइड सुरू झालं तर गुण चांगला येतो, म्हणून असं काही दिसलं तर घरगुती शेकशेगडीत वेळ घालवू नये.

ही नस म्हणजे फक्त हसण्याची, असं मला वाटायचं. आत्याच्या तक्रारींनी तिची खरी ओळख झाली. आमटी अर्ध्या जिभेला लागेना, कारण जिभेच्या पुढच्या भागाची चव तिच्याच एका फाट्याने जाते, आणि तो फाटा कानाच्या पडद्याला लागून जातो! भांडं पडलं की तिच्या कानात घण बसायचा. कानातल्या रिकिबीला आवरून धरणारा इवलासा स्नायूही हिच्याच ताब्यात.

सगळ्यात अवघड होत्या रात्री. पापणी उघडते तिसऱ्या जोडीमुळे, मिटते सातवीमुळे. आत्याचा डावा डोळा झोपेतही अर्धवट उघडा राहायचा. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून मी मलम घालून, पापणी हलकेच ओढून पट्टी लावायचे. डोळे मिटले, असं आपण माणूस गेल्यावर म्हणतो. मी मात्र त्या रात्री उशाशी बसून, तिचा डोळा मिटू दे, एवढंच मागत होते.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी तिने चहा बशीत ओतला, दोन्ही ओठ जुळवले आणि फुंकर मारली. सायीला सुरकुती पडली. आत्याने पुन्हा फुंकलं.