दरोडेखोराची पेटी

सज्जनाला दुर्जनाची कथा इतकी का रुचते, हा प्रश्न पुराणांइतका जुना आहे. जो गृहस्थ शेजाऱ्याच्या आवारातील पेरू तोडावयासही धजणार नाही, तोच अमेरिकन गुंडांच्या टोळ्यांचे जुने चित्रपट पाहावयास मोठ्या आवडीने बसतो. आणि पोलीस जवळ येऊ लागले की त्याच्या छातीत धडधडते ते पोलिसांसाठी नव्हे, तर गुंडासाठी! कायद्याच्या व्यवसायात निम्मे आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न अधिकच टोचतो. आरोपपत्रातला दरोडा आणि पडद्यावरचा दरोडा यांना लागू होणारी कलमे एकच असतात. पण पहिला वाचताना मन खिन्न होते, आणि दुसरा पाहताना ते रंगून जाते. हे रंगणे निर्दोष आहे काय?

आपल्या साहित्यशास्त्राने याचे एक उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार रंगभूमीवरील क्रोध हा अमक्याचा तमक्यावरील क्रोध राहत नाही. व्यक्तीचे पाश गळून पडतात, आणि म्हणूनच तो आस्वाद्य होतो. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. असा आनंद शक्य कसा होतो, हे त्याने कळते. तो योग्य केव्हा, हे कळत नाही. त्यासाठी शास्त्राकडून प्रत्यक्ष कथांकडे वळावयास हवे.

अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि चोरट्या दारूच्या व्यापारावर टोळ्या पोसल्या जात होत्या. त्याच काळात, १९३१ साली 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी' व १९३२ साली 'स्कारफेस' हे चित्रपट निघाले. यांपैकी शेवटच्याचा नायक टोनी कॅमोंटे आपल्या खिडकीतून विजेच्या दिव्यांची एक पाटी अभिमानाने दाखवितो. जग तुमचेच आहे, अशा अर्थाची अक्षरे तिच्यावर झळकत असतात. वस्तुतः ती एका प्रवास-कंपनीची जाहिरात! प्रवाशाला दिलेले आमंत्रण हा मनुष्य खरेदीखत म्हणून वाचतो, आणि अखेर पोलिसांच्या गोळ्या लागून त्याच पाटीखाली मरून पडतो.

अभ्यवेक्षकांना हा शेवट पुरेसा बोधप्रद वाटला नाही. त्यांच्या समाधानासाठी दुसरा शेवट चित्रित करण्यात आला. त्यात खटला चालतो, न्यायाधीश उपदेश करतात आणि टोनीला फाशी होते. मी वकील, तेव्हा या दुसऱ्या शेवटाची बाजू मी घ्यावी, अशी अपेक्षा कोणीही करील. तथापि मला पहिलाच शेवट अधिक न्याय्य वाटतो. फाशीचा निकाल बाहेरून येतो. पाटीखालचा निकाल त्या माणसाच्या हावेतूनच निघतो. न्यायाधीशांचा उपदेश ऐकताना प्रेक्षक स्वतःला निर्दोष समजून स्वस्थ बसू शकतो. पाटी पाहताना मात्र तशी सोय नाही, कारण ती पाटी आपणही वाचलेली असते.

हीच गोष्ट १९५६ सालच्या 'द किलिंग' या स्टॅन्ली कुब्रिकच्या चित्रपटात याहूनही स्पष्ट दिसते. जॉनी क्ले हा तुरुंगातून सुटून आलेला मनुष्य घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील सुमारे वीस लाख डॉलरांची रोकड लुटण्याची योजना मिनिटामिनिटाच्या हिशेबाने आखतो. दरोडा यशस्वी होतो. साथीदार मात्र आपसांतील लोभाने आणि मत्सराने मरतात, आणि सर्व पैसा एकट्या जॉनीच्या हाती राहतो. तो मावावा म्हणून जॉनी एक मोठी जुनी पेटी विकत घेतो. तिचे कुलूप नीट लागत नाही. विमानतळावर तो ती आपल्याजवळ ठेवू पाहतो. पण पेटी फार मोठी असल्याने ती इतर सामानातच द्यावी लागेल, असे त्याला सांगण्यात येते. वाद निष्फळ ठरतो. पुढे एका बाईचे लहानसे कुत्रे धावपट्टीकडे पळते, सामानाची गाडी एकदम वळते, पेटी खाली पडून उघडते, आणि विमानाच्या पंख्यांच्या वाऱ्याने त्या नोटा चोहीकडे उधळतात.

या शेवटात चतुर गुप्तहेर नाही आणि उपदेशक न्यायाधीशही नाही. विमान-कंपनीच्या माणसांनी सामानाचा नियम पाळला, इतकेच. जॉनीची योजना चुकली नव्हती. त्याचे ओझे चुकले होते. जे दोन हातांत मावत नाही, ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. आणि जे सोपविले, त्याची चिंता आपल्याजवळ उरते.

आता दरोडेखोराची पेटी क्षणभर बाजूला ठेवून आपण आपली पेटी उघडू. आजकाल देशांतर्गत विमानप्रवासात हातातल्या सामानाला बहुधा ७ किलोंची मर्यादा असते, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून वजनाच्या काट्यापाशी हुज्जत घालणारे प्रवासी हरघडी दिसतात. त्यांच्या पेटीत काय असते? दोन दिवसांच्या लग्नासाठी पाच दिवसांचे कपडे, न वाचली जाणारी दोन पुस्तके, आणि 'असू दे, लागेल' या एका वाक्याने आत शिरलेल्या असंख्य वस्तू. यांतील प्रत्येक वस्तू ही वस्तुतः एक भीती असते: पाऊस आला तर, कोणी हसले तर, परक्या गावी मागावे लागले तर. पंढरीच्या वाटेवरील वारकरी थोडक्या सामानानिशी निघतो, तो काही त्याला गरजा नसतात म्हणून नव्हे. वाटेत कोणीतरी भाकरी देईल, असा त्याचा माणसांवर विश्वास असतो. जेथे हा विश्वास कमी पडतो, तेथे पेटी जड होते.

पतंजलीने सांगितलेल्या पाच यमांत अस्तेय आणि अपरिग्रह ही दोन्ही आहेत. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी या दोहोंचे नाते उलगडले होते. गरजेहून अधिक साठविणे हा त्यांच्या मते चोरीच्याच जवळचा प्रकार. न्यायालयात हा युक्तिवाद टिकणार नाही. अधिक सदरे बाळगणाऱ्यावर कोणतेही कलम लागत नाही, आणि लागूही नये. परंतु या चित्रपटांत आपल्याला जे आपले वाटते, त्याचा उलगडा येथे होतो. गुंडाचे पिस्तूल आपल्याला परके असते. त्याचे न संपणारे 'आणखी' मात्र आपल्या ओळखीचे असते.

येथे एक आक्षेप घेता येईल. हलकेपणा हाच सद्गुण मानला, तर उत्तम गुंड हा उत्तम साधू ठरेल! १९९५ सालच्या 'हीट' या चित्रपटातील नील मकॉली असाच आहे. त्याच्या घरात सामान जवळजवळ नाही. संकटाची चाहूल लागताच तीस सेकंदांत जे सोडता येणार नाही, त्याचा लोभ धरावयाचा नाही, हा त्याचा नियम. आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यातूनच खरा भेद स्पष्ट होतो. यमांच्या क्रमात अहिंसा पहिली आणि अपरिग्रह शेवटचा. मकॉलीने पहिला यम टाकून शेवटचा उचलला. म्हणून त्याचा अपरिग्रह ही केवळ पळून जाण्याची सोय ठरते. अखेरीस पैसा हाती असतो, विमान तयार असते, सोबत येणारी स्त्री शेजारी बसलेली असते. आणि तो गाडी वळवितो ती विश्वासघात्याचा सूड घेण्यासाठी. मग पोलीस अधिकारी समोर दिसताच तो त्या स्त्रीला तिथेच सोडून निघून जातो, आणि विमानतळाच्या मैदानावर मारला जातो. माणूस त्याला सोडता आला. वैर सोडता आले नाही. बिनसामानाच्या या मनुष्याजवळचे ओझे सर्वांत जड होते.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: हे चित्रपट जरूर पाहावेत आणि त्यांत रंगूनही जावे. मात्र या आनंदाला दोन अटी आहेत. एक म्हणजे, गोळी लागून पडलेल्या अनामिक माणसालाही घर होते, हे विसरावयाचे नाही. ते विसरायला लावणारा चित्रपट कितीही कुशल असला तरी खोटा समजावा. दुसरी म्हणजे, नायकाच्या हातून जे सुटत नाही त्याकडे लक्ष ठेवावयाचे, आणि तसे आपल्याजवळ काय आहे, हे स्वतःला विचारावयाचे. प्रवासाची पेटी भरताना हा विचार फार उपयोगी पडतो. एक सदरा कमी घेतल्याने कोणी मुक्त होत नाही, हे खरे. पण ज्याचा एक हात मोकळा आहे, त्याला जिना चढणाऱ्या म्हातारीचे बोचके उचलता येते. दोन्ही हातांत पेट्या असलेल्याला फक्त सहानुभूती वाटू शकते.