म्यूटवर असताना

लहानपणी माझ्या आजीच्या तोंडात 'पाप' हा शब्द दिवसातून दहादा यायचा. पुस्तकाला पाय लागला, पाप. ताटात भात टाकला, पाप. मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी गोळा करावं लागतं, असं ती सांगायची. मी एकदा खरोखरच जमिनीवर आडवा होऊन पापणीने मीठ उचलता येतं का ते बघितलं होतं. पुढे इंजिनिअरिंगला गेलो, होस्टेलवर राहिलो, पुण्यात नोकरी लागली आणि हा शब्द माझ्या बोलण्यातून गेला. त्याच्या जागी दुसरे आले. चूक, इश्यू, फार तर 'माझं जरा चुकलंच'. एकोणतिसाव्या वर्षी तो शब्द परत आला. त्याला एक सोमवारची मीटिंग आणि एक ख्रिस्ती मित्र कारणीभूत आहेत.

आधी मीटिंग. मी पेमेंटच्या टीममध्ये काम करतो. एका शुक्रवारी संध्याकाळी एका बँकेकडून उत्तरं उशिरा येत होती, व्यवहार फेल होत होते. मी एका सेटिंगमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या १ वरून ३ केली. दोन मिनिटांचं काम. कोणाला दाखवलं नाही, विचारलं नाही. त्याच रात्री टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचं पहिलं मोठं फीचर लाइव्ह गेलं. शनिवारी सकाळी कळलं की काही ग्राहकांच्या खात्यातून एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा, तीनदा कापले गेलेत. बँक पैसे कापत होती, फक्त उत्तर उशिरा देत होती. आणि आमची सिस्टीम, उत्तर आलं नाही म्हणून, पुन्हा मागत होती. शनिवारी दुपारी मला हे कळलं. मी गुपचूप ३ चा पुन्हा १ केला. ग्राहकांचे पैसे परत गेले.

सोमवारी कारण शोधायला कॉल झाला. अशा मीटिंगमध्ये कोणावर दोष ठेवायचा नसतो, असा नियम आहे. पण शुक्रवार रात्रीचा सगळ्यात मोठा बदल त्या मुलाचा होता आणि सगळे तिकडेच बघत होते. माझ्या बदलाची नोंद दुसरीकडे होती, तिथे कोणी बघितलं नाही. मुलगा लातूरकडचा, पहिलीच नोकरी, आठ महिने झालेले. तो म्हणाला, "सॉरी, माझ्याकडून काहीतरी सुटलं असणार." मॅनेजरने विचारलं, "अजून कोणाला काही सांगायचंय?" मी म्यूटवर होतो. कर्सर त्या बटणावर होता. तीन-चार सेकंद गेले. "ठीक आहे, पुढे जाऊ या."

मी खोटं बोललो नव्हतो. हे वाक्य पुढचे सहा दिवस मी स्वतःला ऐकवत राहिलो.

माझा रूममेट वसईजवळच्या एका गावातला, कॅथलिक. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता. त्या शुक्रवारी तो घरी निघाला तेव्हा मला म्हणाला, "चल, तुझा चेहरा बघवत नाही." संध्याकाळी त्याच्या गावच्या चर्चमध्ये कन्फेशनची रांग होती. शाळेतली मुलं, दोन म्हाताऱ्या, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड तसंच ठेवून आलेली एक बाई. मी मागच्या बाकावर बसलो. रविवारी मराठीत मिस्सा झाली. तिच्या सुरुवातीलाच सगळे एकत्र आपली पापं कबूल करतात. विचारांनी केलेली, शब्दांनी केलेली, कृतीने केलेली. इथपर्यंत मला अपेक्षित होतं. पण त्या यादीत चौथी गोष्टही होती. जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते. आजूबाजूची माणसं छातीवर हलकेच मूठ मारत होती आणि माझं सहा दिवस जपलेलं वाक्य एका झटक्यात निकामी झालं.

परतीच्या प्रवासात मी त्याला सगळं सांगितलं. त्याने उपदेश केला नाही, पुण्याला आल्यावर फक्त त्याच्याकडचं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' माझ्या हातात दिलं. मी ख्रिस्ती नाही, आणि हे लिहितो आहे तेही कोणाला कुठे वळवण्यासाठी नाही. पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट वाचलं की ही माणसं पाप म्हणजे नक्की काय समजतात.

मराठीत पाप 'लागतं'. धूळ लागावी, नजर लागावी, तसं. ते बाहेरून येतं, चिकटतं, म्हणून धुताही येतं. शिवाय त्याचा हिशोब असतो. इकडे पाप, तिकडे पुण्य, घडा भरेपर्यंत वेळ आहे. आपल्या संतांना हा हिशोब कधीच मान्य नव्हता, पण घरोघरी तो चालतोच. माझाही चालू होता. त्या मुलाला आठ महिने मीच शिकवलं होतं, रात्री जागून त्याचा कोड तपासला होता. एवढं पुण्य जमा असताना एक मीटिंग वजा झाली तर काय बिघडलं?

१६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेव्हापासून ख्रिस्ती विचार मराठीत इथल्याच शब्दांनी सांगितला जातो. पण इथल्या 'पाप' या शब्दामागे तिथे जे हिब्रू आणि ग्रीक शब्द उभे आहेत, त्यांचा एक अर्थ आहे नेम चुकणं. बायबलमध्ये एके ठिकाणी सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तिथे 'चुकणं' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच इतरत्र पाप करण्यासाठी येतं. आता नेम चुकला म्हणायचं तर आधी निशाण असलं पाहिजे. येशूच्या मते सगळ्यात मोठ्या आज्ञा दोनच, देवावर पूर्ण मनाने प्रेम करायचं आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं. म्हणजे पाप हा प्रश्न दिशेचा आहे. मन ज्याच्याकडे वळायला हवं होतं, त्याच्याकडे न वळता स्वतःकडेच वळलं. मार्टिन ल्यूथरने पापी माणसाचं वर्णन स्वतःतच वाकलेला माणूस असं केलं होतं. लॅपटॉपसमोर पोक काढून, म्यूटच्या बटणावर बोट ठेवून बसलेला मी मला त्यात स्वच्छ दिसलो.

येशूचं आणखी एक म्हणणं मार्कच्या शुभवर्तमानात येतं. माणूस बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीने विटाळत नाही, आतून बाहेर येणाऱ्या गोष्टीने विटाळतो. म्हणजे पाप 'लागत' नाही. ते आपल्यातून निघतं. मग हिशोबाचाही काही उपयोग उरत नाही. मी आठ महिने केलेली मदत खरी होती आणि ते चार सेकंदही खरे होते. एकातून दुसरं वजा होत नाही.

कॅथलिक शिकवणुकीत गंभीर पापासाठी तीन अटी सांगतात. गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि तरीही आपण होऊन दिलेली संमती हवी. इंजिनिअरला अशा अटी आवडतात. मी तिसऱ्या अटीवर सुटायला बघत होतो. चार सेकंदांत कसली संमती? गडबडलो, झालं. पण मंगळवारी मला कोणी गडबडवलं नव्हतं. बुधवारीही नाही. रोज सकाळच्या कॉलवर मला नवी संधी मिळत होती आणि रोज मी ती सोडत होतो. पहिल्या दिवशी पोटात गोळा आला होता. गुरुवारपर्यंत तो येईनासा झाला. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची.

पाप कसं वाढतं हे मला दावीद राजाच्या गोष्टीत दिसलं. गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. ती उरिया या त्याच्याच सैनिकाची बायको. त्याने तिला बोलावून घेतलं, तिला दिवस गेले. आता झाकायला हवं. त्याने उरियाला युद्धावरून बोलावलं आणि घरी जाऊन आराम कर म्हणाला, म्हणजे मूल त्याचंच वाटेल. पण सोबतचे सैनिक रणात उघड्यावर झोपत असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून उरिया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. मग दावीदने त्याला दारू पाजली. तरी तो घरी गेला नाही. शेवटी राजाने सेनापतीला चिठ्ठी लिहिली, याला लढाईच्या ऐन तोंडाशी ठेवा आणि मागे सरका. ती चिठ्ठी पोचवायला दिली उरियाच्याच हातात. तो मारला गेला.

यात प्रत्येक पायरी आधीची झाकण्यासाठी आहे. आमच्या कामात एका चुकीवर पॅच मारतात, त्या पॅचवर दुसरा, आणि एक दिवस मूळ कोड कोणालाच कळत नाही. दावीदचंही तसंच झालं होतं. म्हणून नाथान नावाचा संदेष्टा आला तेव्हा त्याने सरळ आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ कळप होते, तरी पाहुण्यासाठी त्याने एका गरिबाची लाडाने वाढवलेली एकुलती मेंढी कापली. दावीद भडकला. दुसऱ्याचं पाप त्याला लख्ख दिसत होतं. मग नाथानने सांगितलं की तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतः.

पाप का टाळायचं, याचं नेहमीचं उत्तर नरक हे आहे. चर्च ती भीती नाकारत नाही, पण भीतीपोटी झालेल्या पश्चात्तापाला ते अपुरा म्हणतं. प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण. मला पटलेलं उत्तर मात्र दावीदच्या गोष्टीत आहे. नाथान येईपर्यंत त्याला कसलीच शिक्षा झाली नव्हती. तो फक्त असा माणूस झाला होता, ज्याला दुसऱ्याची मेंढी दिसते आणि आपण मारलेला माणूस दिसत नाही. ती आधीच सुरू झालेली शिक्षा होती. संत ऑगस्टीन चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आत्मकथनात सांगतो की चुकीच्या इच्छेचे लाड केले की सवय होते आणि सवयीला अडवलं नाही की ती गरज होऊन बसते. कड्यात कडी अडकावी तशी. माझी पहिली कडी चार सेकंदांची होती.

मग क्षमा फुकट मिळते तर पाप करून मोकळं का होऊ नये? हा प्रश्न पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केला आहे आणि ठाम नकार दिला आहे. तुम्ही ज्याचं ऐकता त्याचे गुलाम होता, असा त्याचा युक्तिवाद. सुटका झालेल्या माणसाने परत बेडीत पाय का घालावा?

एक गोष्ट मला आजही खटकते. दावीदच्या याच पश्चात्तापाशी परंपरेने जोडलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराधी आहे. आणि उरिया? मी रूममेटला चिडून विचारलं, "म्हणजे फादरना सांगितलं की संपलं? ज्याचं नुकसान झालं त्याला कोणी विचारायचंच नाही?" तो म्हणाला, "तसं नसतं रे. चोरी कबूल केली तर चोरलेलं परत करावं लागतं. कोणाचं नाव खराब केलं असेल तर ते सावरावं लागतं. ते न करता कसलं कन्फेशन?" मत्तयच्या शुभवर्तमानात येशूही सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं मन तुझ्याविषयी दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. जक्कय हा जकातदार तर ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायला तयार होतो. दावीदला क्षमा मिळते, पण त्याचं तान्हं मूल मरतं. बापाच्या पापापायी लेकराने का मरावं, हे मला पटलेलं नाही आणि पटेल असं वाटत नाही. एवढं मात्र कळलं की क्षमा म्हणजे घडलेलं पुसलं जाणं नव्हे. उरिया परत येत नाही.

मी मॅनेजरला मेल लिहिण्याआधी त्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं चिडेल, चिडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "दादा, मी त्या आठवड्यात माझा कोड रोज रात्री वाचत होतो. चूक सापडतच नव्हती. मला वाटलं, आपल्याला दिसतच नाही म्हणजे हे काम आपल्याला जमणार नाही. घरी पण सांगितलं होतं मी तसं."

माझ्या डोक्यात नुकसान म्हणजे त्याचं अप्रेझल होतं. त्याचा त्याच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला होता, हे माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं.

मेल गेला. नवा कॉल झाला, त्यात मी अनम्यूट होऊन बोललो, माझा आवाज फाटत होता. थेट सेटिंग बदलण्याची माझी परवानगी काही महिने काढून घेतली, ते योग्यच होतं. मॅनेजर म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि पुढच्या विषयाकडे वळला. मुलगा अजून आमच्याच टीममध्ये आहे, चांगलं काम करतो, डब्याला माझ्यासोबत बसतो. फक्त कोड तपासायला आता तो माझ्याकडे पाठवत नाही, दुसऱ्या सीनिअरकडे पाठवतो. मी त्याला कारण विचारलेलं नाही.