लाभ आणि संमति

दोन शेजारी राष्ट्रांनीं आपला व्यापार, आपली जकात आणि आपलें राज्य एक करावें कीं नाहीं, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो. बाजारपेठ किती वाढेल व कारभाराचा खर्च किती वांचेल, याचा हिशेब मांडला म्हणजे निर्णय झाला, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हा प्रश्न मुळांत नीतीचा आहे. एकत्र राज्य करण्याचा अधिकार लाभानें उत्पन्न होतो कीं संमतीनें? आणि ती संमति अडचणींत सांपडलेल्या पक्षानें दिलेली असेल, तर तिला संमति म्हणावें काय?

इंग्लंड व स्कॉटलंड यांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. १६०३ सालीं दोन्ही देशांस राजा एक मिळाला, परंतु पार्लमेंटें, कायदे आणि जकाती पुढें शंभर वर्षें वेगळ्याच राहिल्या. १६९८ सालीं स्कॉटिश लोकांनीं पनामाच्या संयोगभूमीवर डेरिएन येथें वसाहत करण्याचें साहस केलें. रोगराई, उपासमार व स्पेनचा विरोध यांमुळें तें दोन वर्षांत धुळीस मिळालें आणि देशांतील भांडवलाचा मोठा अंश बुडाला. त्यानंतर १७०५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें कायदा केला कीं, राज्याचा वारसा ठरविण्यास किंवा एकीकरणाच्या वाटाघाटीस स्कॉटलंड तयार न झाल्यास त्याच्या प्रजाजनांस परके लेखावें व त्याचीं गुरें, लिननचें कापड आणि कोळसा यांस इंग्लंडची बाजारपेठ बंद करावी. वाटाघाटी मान्य होतांच हा कायदा मागें घेण्यांत आला. पण त्याचें काम झालें होतें. धाकाच्या जोडीला आमिषहि होतें: इंग्लंडच्या वसाहतींशीं खुला व्यापार, आणि ३,९८,०८५ पौंडांची रक्कम, जिच्यांतून डेरिएनच्या भागीदारांचें नुकसान भरून निघावयाचें होतें. त्या भागीदारांपैकीं कांहीं जण मत देणाऱ्या सभेंतच बसले होते. एडिंबरोंत दंगे झाले, विरोधाचे अर्ज आले. तरी १६ जानेवारी १७०७ रोजीं स्कॉटिश पार्लमेंटानें तह मंजूर केला आणि १ मेपासून दोन्ही राज्यें एक झालीं.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, फळ पाहा. ग्लासगोचे तंबाखूचे व्यापारी गबर झाले. साम्राज्यांतील अधिकाराच्या मोठमोठ्या जागा स्कॉटांस मिळाल्या. आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटच. हें खरें आहे. परंतु तो तंबाखू अमेरिकेंत गुलामांच्या श्रमावर पिकत होता, आणि त्या जागा आमच्यासारख्या जित लोकांवर राज्य करण्याच्या होत्या. दोघांचा लाभ तिसऱ्याच्या वहींत तोटा म्हणून पडला. शिवाय, सावकाराच्या दबावानें विकलेल्या शेतांत पुढें उत्तम पीक आलें, म्हणून ती विक्री न्याय्य ठरत नाहीं.

उलट पक्षीं, गरजेंतून झालेला प्रत्येक करार खोटा म्हणणेंहि रास्त नव्हे. गरज नसतां करार करतो कोण? आम्हांस भेद दिसतो तो असा. डेरिएनचें नुकसान ही बहुतांशीं स्कॉटलंडची स्वतःची अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून त्यानें शेजाऱ्याचा हात धरला असता, तर त्यांत कमीपणा नव्हता. १७०५ चा कायदा ही मात्र शेजाऱ्यानें मुद्दाम निर्माण केलेली अडचण होती. जो पक्ष स्वतः धाक घालतो, त्यास दुसऱ्याच्या होकाराचा आधार घेतां येत नाहीं.

तें ऐक्य टिकलें, कारण स्कॉटलंडचे कायदे, न्यायालयें व चर्च यांस हात लावावयाचा नाहीं असें ठरलें होतें. पण टिकणें निराळें आणि न्याय्य ठरणें निराळें. १७०७ सालीं सामान्य जनांस जें कोणीं विचारलें नव्हतें, तें १८ सप्टेंबर २०१४ रोजीं विचारलें गेलें, आणि शेंकडा ५५ मतें एकत्र राहण्याच्या बाजूनें पडलीं. आमच्या दृष्टीनें त्या ऐक्याला नैतिक आधार मिळाला तो त्या दिवशीं.

परंतु संमति ही एकदां घेऊन कुलपांत ठेवण्याची वस्तु नव्हे. २०१६ सालीं स्कॉटलंडांत शेंकडा ६२ मतें यूरोपीय संघांत राहण्याच्या बाजूनें पडलीं. तरी संपूर्ण राज्याच्या बहुमतामुळें त्यासहि बाहेर पडावें लागलें. नवें लोकमत घेण्याचा कायदा स्कॉटलंडच्या पार्लमेंटास स्वतःच्या अधिकारांत करतां येत नाहीं, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो बिनचूक असेल. नीतीचा प्रश्न त्यानें मिटत नाहीं. एकत्र राहावयाचें काय, हें विचारण्याची किल्ली एकाच भागीदाराच्या हातीं असेल, तर ती भागीदारी कसली?

याच्या उलट उदाहरण नॉर्वे व स्वीडन यांचें. १८१४ पासून एका राजाखालीं असलेल्या या जोडींतून नॉर्वेनें १९०५ सालीं वेगळें होण्याचें ठरविलें. लोकमतांत ३,६८,२०८ मतें त्या बाजूनें व अवघीं १८४ विरुद्ध पडलीं. युद्ध न होतां स्वीडननें तें मान्य केलें. आज त्या देशांचे नागरिक परस्परांच्या देशांत परवान्यावांचून राहतात व काम करतात. वेगळें होण्याची मोकळीक मिळाल्यानें शेजार तुटला नाहीं.

म्हणून लाभाचा हिशेब अवश्य मांडावा. परंतु त्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. दुर्बळ शेजाऱ्यास नाहीं म्हणण्याची मोकळीक आहे काय, आणि आज हो म्हटल्यावर पुढच्या पिढीस पुन्हां विचार करण्याची वाट आहे काय? यांचें उत्तर होकारार्थी नसेल, तर वाढलेल्या व्यापारास भरभराट म्हणावें. ऐक्य म्हणूं नये.