तापातली ड्युटी

सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्याला आजारपणाची रजा देऊ नये, त्या रजेचे पैसे त्याच्या पगारात मिळवून द्यावेत आणि विषय संपवावा, असा एक विचार सध्या मोठ्या शहाणपणाचा म्हणून फिरतो आहे. 2024च्या सप्टेंबरात गणपती तोंडावर आले असताना एसटीचा संप झाला आणि मूळ वेतनात 6,500 रुपयांच्या वाढीवर तो मिटला. तेव्हापासून आमच्या खोपोली-साजगाव भागातही हा विचार ऐकू येतो. एका अभ्यासू, वाचलेल्या गृहस्थांनी तो माझ्यासमोर अगदी बांधेसूद मांडला. पगार दिसतो, मोजता येतो. रजा दिसत नाही, तिच्यात लबाडी शिरते. शिवाय शेजारच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोराला एक दिवसाचीही रजा नसताना कायम कर्मचाऱ्याने ती का भोगावी? दोघांना रोख द्या, ज्याला आजारी पडायचे त्याने स्वतःच्या पैशाने पडावे. या मांडणीला उत्तर द्यायला हवे, कारण तिच्यात एक मोठी चूक आहे आणि एक मोठे सत्यही आहे.

आधी चूक. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे राज्य कर्मचाऱ्याला वर्षाला 20 दिवस अर्धपगारी रजा मिळते. डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडले तर त्यातूनच निम्मे दिवस, म्हणजे 10, पूर्ण पगाराचे करून घेता येतात. आता या दहा दिवसांचे रोख पैसे करून सर्वांना सारखे वाटले असे धरा. तीस वर्षांच्या नोकरीत ज्याला साधा पडसाखोकला सोडून काही झाले नाही, त्याच्या हाती वरकड रक्कम पडली. ज्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी कर्करोग निघाला, तिच्या हातीही तेवढीच पडली, आणि तिची रक्कम पहिल्या दोन महिन्यांत संपली. पगार सर्वांना सारखा देता येतो. आजार तसा वाटून येत नाही, आणि तो कोणाकडे येणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच रजेची तरतूद सर्वांनी मिळून करायची असते. तिची रोकड केली की निरोग्याला बक्षीस मिळते आणि रोग्याला दंड बसतो.

पण या वादात मला खरे बोलवायचे आहे ते नारायण मेघाजी लोखंडे यांना. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात त्यांच्यापासून मोजतात, आणि तरी आमच्या संघटनांच्या सभांतून त्यांचे नाव एका हारापुरतेच येते. फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी, ठाण्याचा, आधी टपालखात्यात आणि मग मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र त्यांनी मुंबईतून चालवले. 1884च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाच. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. आणि पाचवी: कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

या यादीत पगारवाढ नाही. माझ्या मते संपूर्ण कामगार विचारात याहून महत्त्वाची गोष्ट फार थोडी असेल. पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या माणसांनी पहिले मोठे निवेदन केले आणि त्यात जास्त रुपये मागितले नाहीत. त्यांनी वेळ मागितला, वेळेवर पैसे मागितले आणि शरीर मोडले तर आधार मागितला. पगार किती, हा प्रश्न मालकाच्या नफ्याशी आणि बाजाराशी बांधलेला असतो. शरीर कोणाचे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि लोखंड्यांनी तो आधी विचारला. बरा होईपर्यंत पूर्ण पगार या मागणीमागचा विचार असा की, कामगाराने मालकाला आपले श्रम दिले आहेत, आपले शरीर दिलेले नाही, आणि त्या श्रमात शरीर मोडले तर त्याचा भार एकट्या कामगारावर पडू नये. जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला तो 1883 साली, समाजवाद्यांना शह देण्यासाठी, वरून. परळला तसलाच विचार पुढच्याच वर्षी खालून, सह्या करून आला. रविवारच्या सुट्टीला 1890 उजाडावे लागले. स्वतः लोखंडे 1897 साली मुंबईच्या प्लेगमध्ये गेले.

चौथ्या मागणीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. 1936च्या वेतन प्रदान कायद्याने हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पगार 10 तारखेच्या आत देण्याचे बंधन घातले. आणि 2021च्या नोव्हेंबरात एसटीचा मोठा संप चालू असताना परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली, तेव्हा दहा तारखेच्या आत पगार देऊ असे आश्वासनही त्यांना द्यावे लागले. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा कायदा आश्वासन म्हणून मिळवायला हजारो चालक-वाहकांना रस्त्यावर यावे लागले. पगारवाढही मोजून होती: दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5,000, वीसपर्यंत 4,000, त्यावर 2,500. एसटीचे राज्य सरकारात विलीनीकरण करा ही मूळ मागणी फेटाळली गेली. उच्च न्यायालयाने कामावर परतायला मुदत दिली ती थेट 22 एप्रिल 2022ची. त्या सगळ्या महिन्यांत आजारपणाच्या रजेवर काही बोलले गेल्याचे मला आठवत नाही.

लबाडीच्या आरोपाकडे इथूनच पाहायला हवे. होय, एसटीत ‘मेडिकल टाकतात’. पण कधी टाकतात? साजगावला कार्तिकी एकादशीला विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. दिवाळीची गर्दी ओसरते न ओसरते तोच ही यात्रा येते. असल्या हंगामात कोणत्याही आगारात चालक-वाहक अपुरे असतात आणि हक्काची रजा मागणाऱ्याचा अर्ज परत येतो. घरी बहिणीचे लग्न असेल, आई दवाखान्यात असेल, तरी रजा नाही. मग माणूस डॉक्टरकडून चिठ्ठी आणतो. खरे कारण सांगून रजा मिळत नाही आणि खोटे कारण सांगितले की मिळते, अशी व्यवस्था प्रशासनाने स्वतः घडवली आहे. भरती वर्षानुवर्षे रखडवायची, असलेल्यांची रजा दाबायची आणि मग चिठ्ठ्या मोजून कामगाराला लबाड ठरवायचे, हा न्याय नव्हे. उलट बाजूने जे घडते ते अधिक घातक आहे आणि त्याची मोजदाद कोणी करत नाही: अंगात ताप असताना स्टिअरिंगवर बसलेला चालक. बोरघाटाच्या उतारावर त्याच्या मागे चाळीस-पन्नास माणसे बसलेली असतात. बिनपगारी दिवस परवडत नाही म्हणून तो आलेला असतो. रजेची रोकड करून टाकली तर असे चालक वाढतील, कारण मग प्रत्येक आजारी दिवस खिशातून जाईल. कोरोनाच्या काळात मुंबईत बेस्टच्या मदतीला याच लोकांनी राज्यभरातून गाड्या आणल्या. वाहकाचा खोकला त्याचा खासगी मामला नसतो, हे तेव्हा सर्वांना कळले होते.

इथवर मी संघटित कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोललो आणि त्यातला शब्द मागे घेत नाही. पण त्या गृहस्थांच्या मांडणीतले सत्य आता समोर ठेवले नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. रजेची रोकड करण्याची कल्पना त्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती आमच्या संघटनांनीच रुजवली. राज्य कर्मचाऱ्याच्या खात्यात अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे रोखीकरण होते. म्हणजे तीस वर्षे जो आजारी पडला नाही, त्याला दहा महिन्यांचा पगार. आणि ज्याची अर्धपगारी रजा दुखण्यात संपून अर्जितही खर्च झाली, त्याला शून्य. ज्या अन्यायाबद्दल मी वर तक्रार केली तो आमच्या स्वतःच्या नियमपुस्तकात बसलेला आहे, आणि आम्ही त्याला मिळकत म्हणून मिरवतो. विश्रांतीसाठी मिळालेले दिवस विकायला शिकलो, तेव्हाच आम्ही रजेला पगाराचा भाग मानले.

दुसरे सत्य अधिक बोचरे आहे. 1977-78 साली र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी 54 दिवस संप केला. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर कार्यालये बंद राहिली. या दोन संपांच्या मधल्या काळात सरकारी कामाचा केवढा भाग कंत्राटावर, मानधनावर आणि रोजंदारीवर गेला! नगरपरिषदेचा कचरा उचलणारा, गावात पाणी सोडणारा, अंगणवाडीची सेविका, आरोग्य केंद्रातली आशा. सगळे जनतेचेच काम करतात आणि ताप आला की बहुतेकांचा पैसा कापला जातो. अंगणवाडी सेविका 4 डिसेंबर 2023 पासून जवळजवळ दोन महिने संपावर होत्या. त्यांच्याकडे मानधन आहे, वेतन नाही. त्यांच्या मागण्यांसाठी कायम कर्मचाऱ्यांच्या किती संघटनांनी एक दिवसाचे काम बंद ठेवले? म्हणून आजारपणाची रजा तोडू नका, एवढे म्हणून मला आता थांबता येत नाही. ती नोकरीच्या कायमपणाला बांधलेली आहे तोवर तिचा बचाव दुबळाच राहणार, कारण शेजारी उभा असलेला माणूस तिच्याकडे हक्क म्हणून कसा पाहील?

याची वाट या देशात एकदा आखली गेली होती. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अदारकरांकडे आरोग्य विम्याची योजना सोपवली होती. त्यांचा अहवाल 1944 साली आला आणि त्यातून 1948चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि क्षय-कर्करोगासारख्या लांबलचक दुखण्यांत 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. मालक देतो, कामगार देतो आणि निधी सर्वांचा असतो. नोकरी कायम आहे की नाही हे पाहिले जात नाही. लोखंड्यांच्या निवेदनात कामावरची दुखापत होती, घरी आलेला ताप नव्हता. ते अंतर या कायद्याने 64 वर्षांनी भरून काढले. पण त्याला वेतनाची मर्यादा आहे, आणि 2017 पासून ती 21,000 रुपयांवर अडली आहे. खोपोलीच्या कारखान्यातला कामगार पगारवाढ मिळून या आकड्याच्या पुढे गेला की त्या वर्गणीचा कालावधी संपताच तो विम्याबाहेर पडतो. वाढीव हजार रुपयांच्या बदल्यात त्याच्या हातून आजारपणाचा आधार जातो, आणि सही करताना हे त्याला कोणी सांगत नाही.

कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढच्या वाटाघाटीला बसताना मागण्यांच्या मसुद्यात तीन गोष्टी पगाराच्या आकड्याच्या वर लिहाव्यात. त्याच छताखाली काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी आणि मानधनी माणसाला पहिल्या दिवसापासून आजारपणात पगार. हक्काच्या रजेचा अर्ज फेटाळायचा असेल तर अधिकाऱ्याने लेखी कारण देणे आणि ती रजा कधी मिळेल त्याची तारीख त्याच कागदावर लिहिणे. राज्य विम्याची वेतनमर्यादा उठवावी म्हणून केंद्राकडे धरणे, आणि त्या धरण्यात कायम कर्मचारी पुढच्या रांगेत. त्यासाठी 300 दिवसांच्या रोखीकरणातला काही भाग सोडावा लागला तर तो सोडण्याची तयारी हवी. माझ्या ओळखीच्या काही कार्यकर्त्यांना हे शेवटचे वाक्य आवडणार नाही. त्यांनी मसुदा घेऊन यावे, मी बसायला तयार आहे.