शुनःशेपाच्या बाजूने

सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि जो तो मला एकच सांगू लागला: देवानेच पाठवलंय हो, भावाला वाचवायला. नातवाला रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झाला तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. उपचार सुरू होऊन चार-पाच महिने झालेले, केस गेलेले, वजन उतरलेलं, आणि अशात ही बातमी. ठरवून काही केलेलं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नसे. ‘बरं केलंत, नाळेचं रक्त मिळेल,’ असं सोसायटीतल्या एका चांगल्या शिकलेल्या बाईंनी लिफ्टमध्ये म्हटलं. मुलगी झाली तेव्हा तर या बोलण्याला आणखी धार आली. मुलगी का होईना, भावाच्या कामी येईल.

बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं हे मान्य करूनही मला हे वाक्य सोसत नाही. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं. हे वाक्य कानावर आलं की मला ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप आठवतो.

तारामती आणि डोंबाघरची चाकरी यांचा हरिश्चंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. ही त्याच नावाच्या राजाची वेगळी आणि जुनी कथा. त्याला मूल नव्हतं. त्याने वरुणाला नवस बोलला, मुलगा दे, त्यालाच तुला अर्पण करीन. रोहित जन्मला आणि वरुण दारात उभा राहिला. बाप म्हणाला, दहा दिवस तरी होऊ देत. मग म्हणाला, दात येऊ देत. मग, दुधाचे पडू देत. मग, पक्के येऊ देत. वरुण दर वेळी थांबला. रोहित मोठा झाला, त्याला आपल्याबद्दलचा नवस कळला आणि तो धनुष्य उचलून रानात निघून गेला. इकडे राजाचं पोट पाण्याने फुगलं. रानात रोहितला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला, तीन मुलांचा बाप. शंभर गाई देतो, एक मुलगा दे, त्याच्या बदल्यात मी सुटेन. थोरल्याला बापाने धरून ठेवलं, धाकट्याला आईने. मधला शुनःशेप गेला. त्याला यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधलं. मारायलाही कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच शस्त्र परजत आला. मुलाने एकेका देवाची स्तुती केली, पाश गळून पडले, राजाचं पोटही उतरलं.

कथेचा गाभा मला याच्या पुढे दिसतो. अजीगर्त मुलगा परत मागतो. शुनःशेप तोवर विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसलेला असतो आणि तो जायला नकार देतो. तीनशे गाईंपुढे तुला माझी किंमत वाटली नाही, असं बापाला सुनावतो. राजा बरा झाला होता, रोहित वाचला होता, मेलं कोणीच नव्हतं. हिशेब मांडला तर सगळ्यांचं भलंच झालेलं. तरी त्या जुन्या रचनाकाराने पोराचं तोंड बंद केलं नाही. शेवट चांगला झाला म्हणून त्याच्याशी जे वागले ते पुसलं जात नाही, हे त्याने ज्याला बांधलं त्याच्याच तोंडून वदवलं.

आमच्या धाकटीला कोणी विकलेलं नाही. आणि नाळेचं रक्त घेताना बाळाला सुईसुद्धा टोचत नाही. नाळ कापल्यावर वारेच्या बाजूला जे रक्त उरतं, ते नाळेतल्या शिरेतून पिशवीत उतरवतात. पूर्वी वार अंगणात पुरत. आता ती दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाते. त्या उरलेल्या रक्तात हाडांच्या मज्जेत असतात तशा मूळपेशी असतात. 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी अमेरिकेहून आलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला असं गोठवून ठेवलेलं रक्त पहिल्यांदा दिलं. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार होता, आणि तो बरा झाला. रक्त नवजात बहिणीचंच होतं.

थोरल्याच्या जन्माच्या वेळी नाळेचं रक्त साठवणाऱ्या एका खासगी बँकेचा माणूस माहितीपत्रक घेऊन आला होता आणि सूनबाईने त्याला नको म्हटलं होतं. निदान झाल्यावर ती रात्र रात्र तेच उगाळायची. शेवटी डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, ते ठेवलं असतं तरी त्याला दिलं नसतं, कारण आजाराचं बीज त्यातही असू शकतं. इंग्लंडमध्ये मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या जन्मानंतर लगेच कागदावर टिपलेले रक्ताचे थेंब शोधून काढले आणि तपासले. पेशीतला पहिला बिघाड त्या थेंबांतही सापडला. म्हणजे तो गर्भातच झालेला होता.

हे ऐकून आमच्या नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, बघा, जन्माआधीच लिहिलेलं होतं, पूर्वसंचित म्हणतात ते हेच. मला ते अगदी पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. याच संशोधकांना आढळलं की यातला एक नेहमीचा बिघाड शंभरातल्या एखाद्या बाळात असतो, आणि तसा बिघाड असलेल्या बाळांपैकीही शंभरात जेमतेम एकाला पुढे आजार होतो. बाकीची मुलं शाळेत जातात, पडतात, धडपडतात, मोठी होतात. असं कुठलं लिहिणं असतं, जे शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या बाबतीत खरं होत नाही? कर्मसिद्धान्ताबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वतःच्या कृत्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, हे तो शिकवतो. पण सलाईन लावलेल्या मुलाच्या पलंगाशी उभं राहून दुसऱ्याने तो उच्चारला की तो निव्वळ आरोप होतो, आणि ज्याच्यावर ठेवला त्याला अजून ‘र’ला ‘ल’ म्हणायची सवय असते.

आजाराला असा अर्थ चिकटवू नये, हे बऱ्याच जणांना समजावता येतं. बाळाला अर्थ चिकटवू नये, हे समजावणं अवघड जातं, कारण तो अर्थ गोड असतो. माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने शास्त्राधारच काढला: माणूस ऋण घेऊनच जन्मतो, देवांचं, ऋषींचं, पितरांचं, मग भावाचं का नको? प्रश्न चांगला होता आणि मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. पण ती ऋणं फेडायची कशी सांगितली आहेत? यज्ञाने, अध्ययनाने, संततीने. तिन्ही कामं जाणत्या माणसाची आहेत. जन्मल्या घटकेला वसुली लावा, असं कुठेही म्हटलेलं नाही.

मूल कुठल्या हेतूने जन्माला घातलं, याची चौकशी करणाऱ्यांचंही मला पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने ल्युकेमिया झालेल्या थोरल्या मुलीला दाता मिळावा म्हणून आणखी एक मूल होऊ दिलं. 1990 साली मुलगी जन्मली आणि चौदा महिन्यांची असताना तिची मज्जा काढून बहिणीला दिली. दोघी जगल्या. त्या आईबापांवर तेव्हा फार टीका झाली. आपल्याकडे मुलं कशाकशासाठी होऊ दिली जातात! वंशाला दिवा हवा, म्हातारपणी काठी हवी, पितरांना पाणी हवं, पहिल्या दोन मुली झाल्या म्हणून. त्या मानाने एका लेकराला वाचवायला दुसरं हवंसं वाटणं मला हीन वाटत नाही. माझा प्रश्न मूल आल्यानंतरचा आहे. त्याच्याकडून काय घ्यायचं आणि आधी त्याला काय द्यायचं?

सूनबाईच्या गरोदरपणात आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन डबे असत. एकात तिच्या लोहाच्या आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या, दुसऱ्यात थोरल्याच्या. थोरल्याची आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी फोलिक ॲसिडच्या नेमकी उलट काम करते. एक पेशी वाढवायला, दुसरी वाढ रोखायला. गरोदर बाईने त्या गोळीला हातही लावायचा नसतो. म्हणून ती आणि सिक्स-एमपी ही त्याची रोजची गोळी द्यायचं काम माझ्याकडे. हातमोजे घालून रात्री गोळी द्यायची, मोजे वेगळ्या पिशवीत बांधून टाकायचे. त्या डब्यांपुढे उभं राहून मी अनेकदा परळच्या बायकांचा विचार केला आहे. 1928 नंतरच्या काही वर्षांत ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेत, गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांना दिसलं. त्या अर्कात जे होतं ते पुढे फोलिक ॲसिड ठरलं. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आणि त्याला अडवणारं औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघालं. ते बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या सोळा मुलांना दिलं. 1948 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. माझ्या नातवाच्या डब्यातली गोळी त्याच कुळातली. त्या गिरणीतल्या बायकांचं त्याच्यावर ऋण आहे आणि ते त्याने मोठेपणी जाणावं, असं मला फार वाटतं. पण त्या बायकांना आधी अर्क मिळाला होता, त्या बऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यापासून जे जगाला मिळालं ते त्यानंतर.

या ‘त्यानंतर’वरच आमचं सगळं अडलं होतं. नाळेचं रक्त म्हणजे टाकाऊ, त्यात बाळाचं काहीच जात नाही, असं सगळे सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. मूल जन्मल्याबरोबर नाळ कापली नाही, तर पहिल्या मिनिटात सुमारे 80 मिली रक्त वारेतून बाळाकडे येतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटर रक्त! त्या मिनिटाचं लोह त्याला पुढे कित्येक महिने पुरतं. निदान मिनिटभर तरी थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण थांबलं की पिशवीत तेवढं कमी उतरतं, आणि थोरल्याचं वजन तर वर्षागणिक वाढणार. प्रत्यारोपणाला किलोमागे पेशी मोजतात. घरात आजारी भावंड असेल तेव्हा लवकर कापण्याचा विचार करता येतो, ही मुभा वैद्यकातही आहे. डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय आईवर सोडला.

सूनबाई माझ्यापाशी आली. ‘आई, तुम्ही सांगा,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘अगं, दोन्ही तुझीच आहेत, मी काय सांगू?’ पण शुनःशेपाची गोष्ट तिला सांगितली, शेवटासकट. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना कळवलं की बाळाला त्याचं मिनिट द्या, मग उरेल ते घ्या. थोरल्याचा आजार केमोथेरपीलाच दाद देत होता, तपासण्या चांगल्या येत होत्या. आजार उलटला तरच प्रत्यारोपणाचा प्रश्न येणार होता. निर्णय पेलायला याचा आधार झाला. आधार नसता तर तिने काय केलं असतं, हे मला विचारावंसं वाटत नाही, कुणी तिला विचारूही नये.

त्या मिनिटाला मी प्रसूतिगृहाच्या बाहेर होते. नर्सने नंतर सांगितलं की नाळेचं धडधडणं बोटांना लागत होतं. पिशवीत रक्त बेताचंच आलं. ते उणे 196 अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलं आहे, आणि ते कधीच बाहेर काढावं लागू नये हीच आमची रोजची प्रार्थना आहे.

धाकटीच्या पेशी भावाला कितपत जुळतात, त्या जुळणीचा अहवाल नंतर आला. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. धाकटीची जुळणी अर्धी निघाली. ‘मग काय उपयोग झाला!’ असं भेटायला आलेल्या एका मावशींनी हळहळून म्हटलं, धाकटी त्यांच्याच मांडीवर झोपलेली असताना. मी तिला उचलून घेतलं. महिनाही न झालेल्या जिवाला कुठल्याशा परीक्षेत नापास ठरवलं जाताना मी ऐकलं, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहावंसं वाटलं.

अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होतं, असं डॉक्टरबाईंनी पुढच्या भेटीत सांगितलं. तशी जुळणी तर आईबापांची मुलाशी असतेच. माझ्या मुलाने तिथेच विचारलं, म्हणजे वेळ आलीच तर माझी मज्जा चालेल? चालेल, त्या म्हणाल्या. ‘मग फाईलवर माझं नाव आधी लिहा,’ तो म्हणाला. ‘तिला काही मागायचंच झालं, तर ती हो-नाही म्हणण्याइतकी मोठी झाल्यावर मागू.’