चालू सर्व्हर उघडावा का?

रॅकमधल्या सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात आणि ते वेगवेगळ्या मार्गांनी वीज घेतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर यंत्र चालू राहते. या सोयीतूनच दुरुस्तीच्या वेळी पेच उभा राहतो: रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर बंद करावा, की तो चालू ठेवून तंत्रज्ञाने आत हात घालावा?

पूर्वपक्ष : सर्व्हर थांबला तर अनेकांचा खोळंबा होतो, धोका मात्र एकालाच, आणि तोही जाणकार. शिवाय डिस्क, पॉवर सप्लाय हे भाग चालू यंत्रातून काढता येतील असेच बनवलेले असतात. आतली वीजही बहुतेक १२ व्होल्टचीच.

उत्तरपक्ष : निर्मात्याने जे भाग चालू स्थितीत बदलण्याजोगे ठरवले, त्यांच्याबद्दल वादच नाही. मदरबोर्ड सहसा त्यांत येत नाही. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, हे खरे. पण १२०० वॉटचा सप्लाय तिथे १०० अँपिअर प्रवाह पुरवू शकतो. बोटातली अंगठी मध्ये आली तर ती क्षणात तापून बोट भाजते. सप्लायच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तर प्लग काढल्यावरही काही काळ सुमारे ४०० व्होल्ट राहू शकतात. म्हणून तो जागेवर उघडत नाहीत, अख्खा बदलतात.

पूर्वपक्ष : मग एमसीबी बंद केला की झाले.

उत्तरपक्ष : एका मार्गाचा एमसीबी बंद केला तरी दुसरा मार्ग चालूच असतो. यूपीएस असेल तर बाहेरची वीज गेल्यावरही २३० व्होल्ट येत राहतात. शिवाय प्रत्येक सप्लायच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थिंगकडे गळतो. तो १ मिलिअँपिअर धरला, तर २० सर्व्हरच्या ४० सप्लायचा मिळून सुमारे ४० मिलिअँपिअर होतो. रॅकचे अर्थिंग तुटले तर हा प्रवाह रॅकला हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीकडे जाऊ शकतो, आणि तेवढा प्रवाह जीवघेणा ठरू शकतो.

पूर्वपक्ष : तंत्रज्ञाने हे सारे जाणून धोका पत्करला तर?

उत्तरपक्ष : नकार देण्याची मुभा असेल तरच होकाराला किंमत. सेवा ठप्प होण्याचा दोष ज्याच्या माथी येणार, त्याला ती मुभा क्वचितच असते.

पूर्वपक्ष : तरी रुग्णांचे काय?

उत्तरपक्ष : जो सर्व्हर अर्धा तासही बंद ठेवता येत नाही, तो बिघडून आपोआप बंद पडेल तेव्हाही हाच प्रश्न येणार. पर्यायी सर्व्हर नसणे ही नियोजनाची उणीव आहे. तंत्रज्ञाचा जीव धोक्यात घालून ती भरून निघत नाही, फक्त झाकली जाते.

सिद्धान्त : आधी काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे; तो नसेल तर वेळ जाहीर करून, कागदी नोंदींची सोय करून सेवा थांबवावी. मग सर्व्हर बंद करून त्याच्या सर्व वीज केबल काढाव्यात आणि त्यानंतरच झाकण उघडावे. रॅकचे अर्थिंग शाबूत असल्याची खात्री त्याआधीच झालेली असावी. वीज चालू ठेवल्याशिवाय जे मोजमाप घेताच येत नाही, तेवढ्यापुरता अपवाद उरतो. तिथे प्रशिक्षित हात, इन्सुलेटेड साधने आणि तत्काळ वीज तोडू शकणारा दुसरा माणूस हवा.