गाडी तापू दे

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या टोकाला एक घर होतं. घरात आई होती, धाकटा मुलगा होता, सून आणि नात होती. अण्णा नव्हते. २०१९ च्या श्रावणात ते गेले आणि त्यांची फियाट अंगणातल्या पेरूखाली होती तिथंच राहिली.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी फियाट बसलं ते बसलंच. अण्णांनी ती १९८६ साली घेतली. त्या काळी पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वाट बघायची. गाडी दारात आली तेव्हा बोळातल्या बायका ओवाळायला आल्या होत्या. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढं एकसलग बाकडं. त्या बाकड्यावर अण्णा, आई आणि मधे धाकटा असे तिघं बसत. दाराच्या काचेपुढं एक छोटी त्रिकोणी काच असे. ती फिरवली की वारा थेट अंगावर येई. ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना तो वारा अजून आठवत असेल.

रविवार जोतिबाचा. महिन्यातून एकदा तरी गाडी जोतिबाच्या डोंगरावर जायचीच. वीसेक किलोमीटरचा रस्ता; पंचगंगेचा पूल, मग केर्ली, मग चढ. पण खरं सांगायचं ते निघण्याबद्दल.

निघायची रीत ठरलेली होती. आजी, थोरला आणि ताई मागं बसत. अण्णा चोक ओढत, ॲक्सिलरेटर दोनदा दाबत, चावी फिरवत. इंजिन चढ्या आवाजात घरघरू लागे. आणि मग अण्णा नुसते बसून राहत. आई अजून आतच असे. गॅस बंद केला का, देवापुढचं निरांजन विझलं का, मागच्या दाराची कडी लागली का. कुलूप घालून ती दोन पावलं येई आणि परत फिरे. आजी मागून म्हणे, "हिचं झालं का नाही अजून?" अण्णा समोर बघत म्हणत, "गाडी तापू दे, आई." पाच मिनिटं, कधी सात. आई येऊन बसली की ते चोक आत ढकलत, आवाज खाली येई आणि गाडी निघे. तेहतीस वर्षं यात फरक पडला नाही. आजी गेल्यावरही नाही.

आणि शनिवारी संध्याकाळी अण्णा पायरीवर बसून प्लग साफ करत. चार प्लग वर्तमानपत्रावर मांडायचे, टोकाची काजळी पॉलिश पेपरनं खरवडायची, फुंकर मारायची, उजेडात धरून बघायचं. पोरांना वाटायचं, फियाटचे प्लग असे काळेच होत असतात.

अण्णा गेल्यावर धाकट्यानं गाडी जपली. जपली म्हणजे कशी, तर तिला हात लावू दिला नाही. आरसा अण्णांनी लावलेला होता, तो कुणी हलवायचा नाही. काचा गच्च बंद, कारण आत अजून वास होता. पेट्रोल, रेक्झिन आणि जोतिबाहून आणलेला दवणा यांचा मिळून झालेला वास. गाडी जागची हलू नये म्हणून त्यानं हँडब्रेक पूर्ण ओढला. दर पावसाळ्याआधी नवी ताडपत्री आणून ती चाकांपर्यंत घट्ट बांधली. नात एकदा आत शिरून स्टिअरिंगशी खेळायला लागली, तेव्हा तो तिच्यावर ओरडला. ती रडत घरात गेली आणि पुन्हा कधी गाडीजवळ गेली नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, पण गाडीचं कुलूपही त्यानं काढलं नाही.

अशी चार वर्षं गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती, ती ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. सगळ्या पेपरांत काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो आले. पंधरा दिवसांत दिवाळी होती. थोरला पुण्याहून आला आणि फराळाच्या ताटावर त्यानं विषय काढला.

"मुंबईनं सोडली. आपण कधी सोडणार? पासिंग २०२१ लाच संपलंय. दर पाच वर्षांनी तेच. नूतनीकरणाची फी आता पाच हजार, वर पर्यावरण कर. स्क्रॅपला देऊ. रीतसर दाखला मिळतो, नवी गाडी घेताना सवलत मिळते."

यात चुकीचं काहीच नव्हतं. थोरल्याचं अण्णांवर प्रेम कमी होतं असंही नाही. पुण्यात त्याच्या गाडीच्या चावीला अजून अण्णांनी दिलेली किचेन आहे. धाकटा मात्र ताटावरून उठला. "अण्णांना भंगारात द्यायचं का?" एवढंच म्हणाला. मग दोघांत नको ते बोलणं झालं. ताई रडायला लागली.

आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आधी ताडपत्री काढा. मग भांडा."

शिवाजी उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. उद्यमनगर म्हणजे ओतकामाची आणि लेथची पेठ. जुन्या गाडीचा पार्ट बाजारात मिळेना तर तो घडवून देणारा माणूस तिथं सापडतो. या मिस्त्रींनी अण्णांची फियाट पंचवीस वर्षं बघितली होती. त्यांनी दोऱ्या सोडल्या, ताडपत्री ओढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

छताच्या कडेला रंगाखाली फोड आले होते. अंगठ्यानं दाबला की रंग उचकटून खालून तांबडी पूड पडत होती. पायाखालच्या पत्र्यातून बोट आरपार गेलं. टायर एका बाजूनं बसून चपटे झाले होते. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरशेजारी उंदराचं घरटं, त्यात कुरतडलेल्या वायरींचे लाल-पिवळे तुकडे. टाकीचं झाकण काढून मिस्त्रींनी नाक जवळ नेलं आणि लगेच मागं घेतलं.

"कुणी ठिवलीया अशी?"

"मी," धाकटा म्हणाला. "जपून ठेवली होती."

"जपली न्हाईसा, कोंडलीसा." मिस्त्रींच्या आवाजात राग नव्हता. "प्लास्टिकखाली पत्र्याला घाम सुटतो, त्याला वाट मिळंना झाली. पेट्रोल आंबून कार्बोरेटरात डिंकावानी बसलंया. आन् हँडब्रेक कशाला वढलासा? लायनर ड्रमाला चिकटून बसल्यात. एवढी वर्सं उभी करायची तर हँडब्रेक सोडून चाकाला वीट लावायची." मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. "पळून गाडी झिजती, साहेब. उभी ऱ्हाऊन मरती."

धाकट्याचे डोळे भरले. चार वर्षं ज्या हातांनी त्यानं दोऱ्या घट्ट केल्या, त्याच हातांनी पत्रा कुजवला होता. याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याचं माणूस जातं, तो उरलेलं घट्टच धरतो. पण पत्र्याला माया कळत नाही, त्याला वारा लागतो.

काम सुरू झालं. मिस्त्रींनी बाकडं उचललं, तर खालच्या खाचांत आणि दाराच्या पट्टीत गुलाल निघाला. जोतिबाचा गुलाल. तेहतीस वर्षांत कुणाकुणाच्या कपड्यांवरून, चपलांवरून गळलेला, थरावर थर. काही जागी ओल लागून त्याची घट्ट वडी झाली होती. आईनं ती चिमटीनं काढून कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. नात लांबून बघत होती. धाकट्यानं तिला हाक मारली आणि हातात फडकं दिलं. "आरसे तू पूस," म्हणाला.

तळाच्या पत्र्याला नवे तुकडे जोडले, वायरिंग बदललं, व्हील सिलिंडर आणि जेट साफ झाले, टाकी धुतली. डिसेंबरातल्या एका सकाळी मिस्त्री म्हणाले, "बसा. मारा चावी."

धाकटा बसला. समोरच्या आरशात त्याला मागच्या काचेतलं काहीच दिसेना, नुसतं मागचं बाकडं दिसलं. अण्णा त्याच्यापेक्षा चार बोटं बुटके होते, आरसा त्यांच्या नजरेला लावलेला होता. त्यानं हात वर नेला आणि तसाच ठेवला.

"फिरवा की," मिस्त्री म्हणाले. "त्याबिगर मागचं दिसायचं न्हाई."

त्यानं आरसा फिरवला. चोक ओढला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबला, चावी फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, थरथरलं आणि चढ्या आवाजात घरघरू लागलं. बोळातल्या दोन खिडक्या उघडल्या. धाकटा समोर बघत नुसता बसून राहिला.

मिनिटभरानं मिस्त्री काचेशी वाकले. "चोक आत घाला आता. झालं तापून."

"इतक्यात? अण्णा पाच-सात मिनिटं तापवायचे."

"पाच मिनिटं काय करायची हायेत? थंडीत मिनिटभर बास झालं. चोक वढून ठिवला की पेट्रोल जास्ती जातंया, प्लग काजळून काळं पडत्यात. तुमच्या अण्णास्नी मी धा वेळा सांगितलं. म्हनले, ऱ्हाऊ दे मिस्त्री, प्लगचं माझं मी बघतो."

धाकट्याच्या डोळ्यांपुढं पायरी आली, वर्तमानपत्र आलं, त्यावरचे चार काळे प्लग आले. त्यानं दाराकडे बघितलं. आई उंबऱ्यात उभी होती. हातात कुलूप होतं. कुणी कुठं जाणार नव्हतं, पण इंजिनाचा आवाज कानावर पडताच ती उठली होती. गॅस बघितला होता, निरांजन बघितलं होतं, मागची कडी लावून आली होती. मिस्त्रींचं बोलणं तिनं ऐकलं.

"म्हणजे गाडी तापलेलीच असायची?" तिनं विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही.

"मला वाटायचं, गाडीच आळशी आहे, म्हणून माझी अब्रू वाचते. सासूबाईंना मी तेच सांगायचे." ती कुलपाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तिथंच ताडपत्रीखाली राहिली असती, तर मला हे कधी कळलं नसतं."

ती चालत आली, तिनं दार उघडलं आणि पुढच्या बाकड्यावर आपल्या जागी बसली. धाकट्यानं चोक आत ढकलला. आवाज खाली आला. पासिंग नव्हतं म्हणून गाडी अंगणाबाहेर गेली नाही. मायलेकरं इंजिन बंद होईपर्यंत तशीच बसून राहिली आणि नात मधे चढून बसली.

त्या रात्री धाकट्यानं थोरल्याला फोन केला, मिस्त्री काय म्हणाले ते सांगितलं. थोरला बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "टायर मी घेतो. चारही."

मालक वारला की गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. हे काम तेव्हाच व्हायला हवं होतं. चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता. कुणाच्या नावावर, हा प्रश्न आला तेव्हा तिन्ही भावंडांनी आईचं नाव सांगितलं. आईला गाडी चालवता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीच्या कागदावर तिची सही झाली. मग पासिंग झालं.

आता रविवारी गाडी जोतिबाला जाते. गाडीतला जुना वास पहिल्याच महिन्यात गेला. धाकट्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. चैत्रात पुन्हा दवणा येतो. तो चोक ओढून पाच मिनिटं बसतो. नात मागून विचारते, "आजीचं झालं का?" तो सांगतो, "गाडी तापू दे." शनिवारी संध्याकाळी दोघं पायरीवर बसून प्लग घासतात. मिस्त्रींनी आता बोलायचं सोडून दिलंय.

तुमच्याही अंगणात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी झाकून उभी असेल. प्रत्येकाला ती ठेवता येईलच असं नाही. जागा नसते, पैसा नसतो, कधी पत्राच उरलेला नसतो. द्यायची वेळ आली तर जरूर द्या, थोरल्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण देण्याआधी एकदा तिचं झाकण काढा, घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि ती चालू करून तिचा आवाज ऐका. फक्त चावी फिरवण्याआधी जुनं पेट्रोल काढून टाका, आणि चाकाला वीट लावायला विसरू नका.